ऑसम दाढ

गेल्या आठवड्यात माझी डावीकडची खालची दाढ ठणकू लागली, गाल सुजला आणि मी दंतवैद्यांकडे गेलो. येथवर तक्रारीला जागा नाही. तक्रार आहे ती स्वागतकक्षातील मुलीविषयी. संगणकावर माहिती भरताना तिने वय विचारले आणि मी ‘त्रेसष्ट’ म्हणालो.

‘ऑसम!’

इतकी वर्षे तग धरल्याचे हे कौतुक असावे, असे समजून मी कृतज्ञतेने हसलो आणि हसताच दाढेतली कळ थेट कानात गेली.

‘कुठं दुखतंय, काका?’

मी गालावर बोट ठेवले.

‘ऑसम. रात्री झोप लागते?’

‘अजिबात नाही.’

‘ऑसम. शुगर आहे?’

‘आहे, गोळी चालू आहे.’

‘ऑसम!’ हा शेवटचा उद्गार इतका मनापासून आला की, मधुमेह जडवून घेतल्याबद्दल शाल-श्रीफळ तेवढे मिळायचे राहिले.

या शब्दाच्या मुळाशी असलेला ‘ऑ’ प्राचीन नॉर्स भाषेतून इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थ भय असा होता. पुढे ईश्वरासमोर वाटणाऱ्या दराऱ्यालाही तो लावला गेला. त्याच मुळाचा ‘ऑफुल’ घसरत ‘अत्यंत वाईट’ झाला आणि ‘ऑसम’ अमेरिकी तरुणांच्या तोंडी नुसता ‘छान’ होऊन बसला. सख्ख्या भावांपैकी एक तुरुंगात आणि एक मंत्रिमंडळात जावा, तसे हे झाले. गीतेच्या 11व्या अध्यायात विश्वरूप पाहून अर्जुनाच्या अंगावर रोमांच उभे राहतात आणि पूर्वी कधी न पाहिलेले हे रूप पाहून आपल्याला हर्षही झाला व भयाने मन व्याकूळही झाले, असे तो सांगतो. ऑसम म्हणावे ते त्याला. माझ्या आधार कार्डाची झेरॉक्स त्या कोटीतली नव्हे. आपणही ‘भयंकर आवडले’ म्हणतो हे मान्य, परंतु दुसऱ्याचा सुजलेला गाल पाहून तसे म्हणण्याइतके आपण अजून पुढारलेलो नाही.

खरा राग येतो तो याचा, की ती ऐकतच नव्हती. मी तेथेच प्राण सोडला असता, तरी त्या रकान्यात खूण करून तिने ‘ऑसम’ म्हणून पुढचा नंबर पुकारला असता.

रूट कॅनॉल आणि वरच्या कॅपचा आकडा ऐकून मात्र हर्ष वगळता अर्जुनाची सर्व लक्षणे माझ्या ठायी प्रकटली. काही कमी होईल का, असे मी विचारले.

‘तसं आमच्याकडे होत नाही, काका,’ ती शुद्ध मराठीत म्हणाली.