केली म्हणजे काय केली?

एडिनबर्गमधील एका सहकाऱ्याच्या लग्नपत्रिकेत जेवणानंतर 'सेइलिध' असल्याचे छापले होते. लिहायचे एक आणि म्हणायचे दुसरेच, या न्यायाने त्याचा उच्चार 'केली' होतो हे कळल्यावर आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, पण केली म्हणजे काय केली?" गेलिक भाषेत या शब्दाचा मूळ अर्थ 'एकमेकांकडे गप्पा मारायला जाणे' असा आहे, ही माहिती मी ऐटीत पुरवली आणि त्या गप्पांच्या भरवशावर गुळगुळीत तळव्यांचे नवे बूट घालून गेलो.

पण आजची केली म्हणजे गप्पा नव्हेत, सगळ्यांनी मिळून नाचायचा स्कॉटिश कार्यक्रम! पहिला नाच गॉर्डन हायलँडर्स या स्कॉटिश पलटणीच्या नावाचा, 'गे गॉर्डन्स'. चार पावले पुढे टाकायची आणि मग वळून त्याच दिशेला चार पावले उलटे चालायचे, एवढीच त्याची सुरुवात असते. पण 'त्याच दिशेला' हे शब्द माझ्या लक्षात येईपर्यंत मागची दोन जोडपी माझ्या अंगावर आली होती.

खरी कसोटी 'स्ट्रिप द विलो'ची, म्हणजे वाळुंजाची साल सोलण्याची. अ‍ॅकॉर्डियन आणि फिडलवर सहाच्या लयीतील जिग, म्हणजे नाचाची द्रुत धून, सुरू झाली, तेव्हा हा तर आपला दादरा, असे मला क्षणभर वाटले. मात्र वाघ मागे लागलेला दादरा मी त्यापूर्वी ऐकला नव्हता. समोरासमोर स्त्री-पुरुषांच्या रांगा, पहिल्या जोडप्याने हात गुंफून सोळा मोजेपर्यंत गरगर फिरायचे, मग बायकोने पुरुषांच्या रांगेतील एकेकाला डाव्या हाताने फिरवत आणि मध्ये दर वेळी उजव्या हाताने नवऱ्याकडे परतत खालपर्यंत जायचे. पुढे हीच पाळी नवऱ्याची. मंगळागौरीच्या फुगड्यांवर वाढलेल्या सौभाग्यवती किल्ट (स्कॉटिश पुरुषांचा घागरा) नेसलेल्या धिप्पाड गृहस्थांना भोवऱ्यासारखे फिरवत निघाल्या. मी मात्र नवरदेवाच्या आत्याबाईंना उजवा हात दिला, चूक सुधारायला डावा दिला आणि दोन्ही हात अडकलेल्या अवस्थेत, बुटांच्या कृपेने, ढोलवाल्याच्या पायांशी जाऊन थांबलो. सालटी निघाली ती कोपराची.

"अहो, उजवा माझा!" एवढे बजावून त्या पुढच्या नाचाला गेल्यासुद्धा. 'डॅशिंग व्हाइट सार्जंट' तिघातिघांनी नाचतात. त्यांना दोन्ही बाजूंना एकेक किल्टवाले मिळाले होते आणि चौथा म्हणून मी त्यांची पर्स सांभाळत बसलो.