'पहिलं वर्ष आधीच उरकून टाका' म्हणणाऱ्यांना

अमेरिकेत मेडिकल स्कूलच्या वाटेवर असलेल्या मुलांच्या आईवडिलांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. कोर्स निवडायचे दिवस आले की तो कुणी ना कुणी माझ्याकडेही पाठवतं. मथितार्थ असा: मेडिकलच्या आधीच्या चार वर्षांच्या कॉलेजातच ॲनाटॉमी, हिस्टॉलॉजी (पेशीजालांचा सूक्ष्मदर्शकाखालचा अभ्यास), इम्युनॉलॉजी, फार्माकॉलॉजी जमेल तेवढं करून घ्या, मेडिकलचं पहिलं वर्ष हसतखेळत जातं. मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, सायन्सचाच हवा. साहित्य, समाजशास्त्र वगैरे टाइमपास. आणि कोर्स जितके जास्त, तितकी अर्जाची फाइल वजनदार.

मी मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना डिसेक्शन, म्हणजे मृतदेहाचं विच्छेदन, शिकवते. यातलं पहिलं विधान अर्धं खरं आहे. बाकीच्यांना तेवढंही श्रेय देता येत नाही.

आधी ते अर्धं खरं. ॲनाटॉमी करून आलेल्या मुलाला शब्द ओळखीचे असतात, घाबरगुंडी कमी उडते. पण कॉलेजात सेमिस्टरभर चालणारा भाग मेडिकलला काही आठवड्यांत संपतो. मी पाहिलंय त्यात ही आघाडी महिनाभर टिकते, मग सगळे एका रांगेत येतात. ब्रेकियल प्लेक्ससचंच घ्या, म्हणजे हाताला जाणाऱ्या नसांचं मानेतून निघणारं जाळं. तयारी करून आलेला मुलगा पाच मुळं, तीन ट्रंक, तीन कॉर्ड अशी सुबक आकृती फळ्यावर काढून देतो. टेबलाशी आला की गडबडतो. आकृतीत नस पिवळी, धमनी लाल असते. काखेत मात्र चरबी, नस, धमनी सगळं एकाच फिकट, ओलसर रंगाचं. तो वरून मुळं शोधत खाली येऊ पाहतो आणि हरवतो. शेजारी अशी मुलगी असते जिने हा विषय कधी घेतलेला नाही. तिला मी सांगितलेलं असतं, आधी काखेतली ॲक्सिलरी धमनी बोटाने चाचपून घे आणि तिच्याभोवती इंग्रजी 'एम' शोध. मस्क्युलोक्युटेनियस, मीडियन आणि अल्नर या तीन नसा मिळून तो 'एम' तयार होतो. एकदा तो दिसला की तिथून उलटं वर जाता येतं. हे हाताने शिकायचं काम आहे आणि ते सगळ्यांना तिथेच, त्याच टेबलाशी शिकावं लागतं.

'पण स्टेप वनला फायदा होतो ना?' हा पुढचा प्रश्न ठरलेला. स्टेप वन म्हणजे डॉक्टरकीच्या परवान्यासाठीच्या परीक्षांतली पहिली. स्टेप वनला जानेवारी 2022 पासून गुणच दिले जात नाहीत. पास किंवा नापास, एवढंच. अनेक स्कूलांमध्ये पहिल्या दोन वर्षांच्या परीक्षांचंही तेच. ज्या शर्यतीसाठी आधीपासून धावायचं, ती शर्यतच बरीचशी बंद झाली आहे.

अपवाद बायोकेमिस्ट्रीचा. ती घ्याच. 2015 पासून एमकॅटमध्ये, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेत, तिचं वजन वाढलंय आणि बरीच स्कूलं ती मागतात. वेळापत्रकात जागा असेल तर फिजिऑलॉजीच्या एखाद्या कोर्सलाही माझी हरकत नाही.

आता सायन्स मेजरचं. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई मेडिकल स्कूलने 1987 मध्ये एक वाट उघडली. साहित्य, इतिहास असे विषय घेणाऱ्या मुलांना कॉलेजच्या दुसऱ्याच वर्षी प्रवेश द्यायचा. ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्सचे नेहमीचे कोर्स नकोत, एमकॅटही नको. 2010 मध्ये त्यांनी अशा 85 मुलांची नेहमीच्या वाटेने आलेल्या 606 मुलांशी तुलना छापली. स्टेप वनचे गुण किंचित कमी निघाले, हे लपवायचं कारण नाही. वॉर्डातल्या कामगिरीत मात्र ती मागे नव्हती. म्हणून सगळ्यांनी केमिस्ट्री सोडावी असं नाही. बहुतेक ठिकाणी ती सक्तीचीच आहे. सक्तीचं तेवढं नीट करावं आणि मेजर आवडीचा घ्यावा.

'टाइमपास' विषयांबद्दल तर एमकॅटच उत्तर देते. चार विभागांपैकी एक संपूर्ण मानसशास्त्र आणि समाजशास्त्राभोवती. दुसरा उताऱ्यांचा, आणि ते उतारे मानव्यविद्या नि समाजविज्ञानांतले; आधीची माहिती उपयोगी नाही, फक्त वाचता यायला हवं. निम्मी परीक्षा झाली ही.

त्यातही संख्याशास्त्राला 'ते कॉम्प्युटर करतो' म्हणून उडवून लावलं जातं, तेव्हा मला राहवत नाही. 1978 मध्ये हार्वर्डच्या रुग्णालयांतल्या 60 जणांना, म्हणजे विद्यार्थी, निवासी आणि वरिष्ठ डॉक्टरांना, एक प्रश्न विचारला गेला. आजार हजारात एकाला होतो. चाचणी निरोगी माणसांपैकी 5 टक्क्यांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते. रुग्णाबद्दल बाकी काहीच माहीत नाही आणि त्याची चाचणी पॉझिटिव्ह आली, तर तो खरंच आजारी असण्याची शक्यता किती? जवळजवळ निम्म्यांनी 95 टक्के सांगितलं. कागदावर मांडून बघा. हजार माणसं, एक आजारी. उरलेल्यांतले पन्नासेक उगाचच पॉझिटिव्ह. एक्कावन्नांत एक, म्हणजे सुमारे 2 टक्के. बरोबर उत्तर 11 जणांनी दिलं. गुणाकार-भागाकार कॉम्प्युटर करेल, पण काय विचारायचं ते तो सांगत नाही. आणि रिपोर्ट हातात घेऊन समोर बसलेल्या माणसाला '95' सांगायचं की '2', यावर त्याची पुढची रात्र कशी जाईल ते ठरतं. मेडिकलला हा विषय असतो, पण पळतापळता. सावकाश शिकायची जागा कॉलेजच.

स्पॅनिशचंही तसंच. मोडक्यातोडक्या स्पॅनिशवर ऑपरेशनची संमती घेऊ नये, तिथे दुभाषीच हवा. पण दुभाषी येईपर्यंत 'दोंदे ले दुएले?', कुठे दुखतंय, एवढं विचारता आलं तरी फक्त स्पॅनिश बोलणारी आजी बोट दाखवते.

राहिली वजनदार फाइल. अर्जात बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणिताची सरासरी वेगळी काढतात. हौसेने घेतलेल्या इम्युनॉलॉजीत 'सी' मिळाला तर तो तिथेच जाऊन बसतो. कोर्स पुन्हा केला तरी दोन्ही ग्रेड मोजले जातात.

परवा एक मुलगी शेवटच्या सेमिस्टरची यादी घेऊन आली. त्यात हिस्टॉलॉजी, संख्याशास्त्र आणि स्पॅनिश होतं. जड होतंय, स्पॅनिश सोडते म्हणाली. मी हिस्टॉलॉजीवर काट मारली. दुसऱ्या दिवशी तिच्या बाबांचा फोन: "मॅडम, हिस्टॉलॉजी मेडिकलला असते ना?"

असते की, म्हटलं. म्हणूनच काढली.