गुणाकार बरोबर आहे, पण…

भौतिकशास्त्राशी जरा जरी ओळख असली, तरी एक प्रश्न माणसाला चुकत नाही. तो बहुधा रात्री उशिरा येतो आणि विचारणाऱ्याच्या हातात मोबाइलचा कॅल्क्युलेटर असतो. "आपलं अख्खं विश्व एका कृष्णविवराच्या आत आहे ना?" यातला 'ना' फार महत्त्वाचा. निकाल लागलेला आहे, माझी फक्त सही हवी आहे.

मूर्ख प्रश्न असता तर दोन मिनिटांत उरकला असता. पण हा अर्धा बरोबर आहे, आणि अर्धा बरोबर प्रश्न झोप खातो. शिवाय विचारणाऱ्याने गुणाकार खरोखरच केलेला असतो.

गुणाकार असा. कुठलंही वस्तुमान किती लहान गोळ्यात कोंबलं की त्याचं कृष्णविवर होतं, ते श्वार्झशिल्ड त्रिज्येवरून कळतं. दोन गुणिले न्यूटनचा गुरुत्व स्थिरांक गुणिले वस्तुमान, भागिले प्रकाशवेगाचा वर्ग. सूर्याला लावा, सुमारे ३ किलोमीटर येतात. पृथ्वीला लावा, ९ मिलिमीटर. म्हणजे सगळे समुद्र, डोंगर आणि आपण सगळे मिळून एक जाडजूड गोटी.

इथवर कुणाचीच तक्रार नसते. खरी गंमत पुढे आहे. वस्तुमान दुप्पट केलं की त्रिज्याही दुप्पटच होते, पण घनफळ आठपट होतं. म्हणजे सरासरी घनता चौथाईवर येते. सूर्याएवढ्या कृष्णविवराची घनता घनमीटरला सुमारे १.८ गुणिले १० चा १९ वा घात किलो भरते. एम८७ या दीर्घिकेच्या मध्यावरचं कृष्णविवर मात्र साडेसहा अब्ज सूर्यांचं आहे. त्याचं वस्तुमान आतल्या जागेत सारखं पसरलं, तर घनमीटरला जेमतेम ४०० ग्रॅम. आपण श्वासात घेतो ती हवा सव्वा किलोच्या आसपास असते. कृष्णविवर म्हणजे घट्ट, ठासून भरलेली वस्तू, हा समज इथे निकालात निघतो. पुरेसं मोठं केलं तर जवळजवळ पोकळीचंही कृष्णविवर होऊ शकतं.

आणि विश्वाइतकी मोठी पोकळी दुसरी कुठली? इथेच विचारणाऱ्याचे डोळे चमकतात.

विश्वाची सरासरी घनता, डार्क मॅटर (न दिसणारं, पण गुरुत्वाने ओढणारं द्रव्य) आणि डार्क एनर्जी (विश्वाचं पसरणं वाढवणारी ऊर्जा) धरून, घनमीटरला साधारण पाच हायड्रोजन अणूंइतकी आहे. दृश्य विश्वाची, म्हणजे जिथवरचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचू शकला तेवढ्या भागाची, त्रिज्या ४६.५ अब्ज प्रकाशवर्षं, म्हणजे ४.४ गुणिले १० चा २६ वा घात मीटर. वस्तुमान येतं सुमारे ३ गुणिले १० चा ५४ वा घात किलो. ते वरच्या सूत्रात घातलं की त्रिज्या मिळते साधारण ४७५ अब्ज प्रकाशवर्षं. विश्व आपल्याच श्वार्झशिल्ड त्रिज्येच्या दहापट आत बसलेलं! सही करा.

सही करण्याआधी मी आकडे तपासतो, कारण चुका ठरलेल्या असतात. कुणी त्रिज्येच्या जागी ९३ अब्जांचा व्यास घालतो. वस्तुमान आठपट होतं आणि तो आठपट खूश होतो. कुणी त्रिज्या १३.८ अब्ज धरतो, कारण विश्वाचं वय तेवढं आहे. प्रकाश प्रवासात असताना विश्व पसरत होतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. तिसरा फक्त साधं द्रव्य मोजतो. ते एकूण मालाच्या ५ टक्के. मग त्रिज्या येते २४ अब्ज प्रकाशवर्षांच्या आसपास, आणि विश्व विवरातून सुटतं. सूत्र तेच, पण एक जण अडकतो आणि दुसरा जामिनावर बाहेर. डार्क एनर्जीला वजनासारखं तोलणं मुळात कितपत रास्त, हा वाद निघाला तर पहाट होते. तो मी काढत नाही.

याहून चलाख विचारणारा हबल त्रिज्या घेऊन येतो. प्रकाशवेग भागिले हबल स्थिरांक (विश्व आज किती वेगाने पसरतं आहे त्याचं माप), सुमारे १४.४ अब्ज प्रकाशवर्षं. तेवढ्या गोळ्यातल्या वस्तुमानाची श्वार्झशिल्ड त्रिज्या काढली तर बरोबर तेवढीच येते. दशांशापर्यंत! भौतिकशास्त्रज्ञ राज पाथ्रिया यांनी १९७२ मध्ये 'नेचर'मध्ये विश्वच कृष्णविवर असावं अशी मांडणी केली होती, तेव्हा हा विचार काही चावडीवरचा नाही. पण हा दशांशाचा चमत्कार म्हणजे एकच आकडा दोनदा मोजणं आहे. विश्व सपाट आहे (त्याच्या अवकाशाला एकंदर वक्रता नाही) म्हणजे त्याची घनता हबल स्थिरांकाच्या वर्गावरून ठरते. ती घनता सूत्रात परत घातली की सगळं कापलं जाऊन हबल त्रिज्याच उरते. तराजूच्या दोन्ही पारड्यांत एकच वीट ठेवून काटा मध्यावर आला म्हणून आश्चर्य करण्यासारखं.

मग अडतं कुठे? सूत्र गृहीत धरतं की एक गोळा आहे आणि त्याच्या बाहेर रिकामी जागा. आपल्या विश्वाला मोठ्या मापात पाहिलं तर गोळा नाही, कडा नाही, सगळीकडे सारखाच पसारा. 'बाहेर' कुठे दाखवायचं?

दुसरी अडचण दिशेची, आणि ती मला जास्त आवडते. घटनाक्षितिजाच्या, म्हणजे जिथून प्रकाशही परतत नाही त्या सीमेच्या, आत गेल्यावर मधली सिंग्युलॅरिटी (जिथे घनता अनंत होते आणि सूत्रं कोलमडतात) ही जागा उरत नाही, ती वेळ होते. उजवीकडे वळून ती टाळता येत नाही, जसा उद्या टाळता येत नाही. आपली सिंग्युलॅरिटी, म्हणजे महास्फोट, मात्र भूतकाळात आहे. ती होऊन गेली. विवरच म्हणायचं असेल तर हे श्वेतविवर झालं: आत शिरता न येणारं, फक्त ओकणारं. त्यात रिकाम्या कृष्णविवराचं आतलं अवकाश एका दिशेने ताणतं आणि दोन दिशांनी आवळतं. आपण सगळीकडून सारखे पसरतो आहोत. पुरावा? महास्फोटाची उरलेली ऊब, म्हणजे सगळ्या आकाशातून येणारं २.७२५ केल्विनचं पार्श्वभूमी प्रारण, आपल्या स्वतःच्या सेकंदाला ३७० किलोमीटर वेगाची वजावट केली की, लाखात एका भागापर्यंत एकसारखं आहे.

इथे थांबलो असतो तर प्रामाणिकपणा झाला नसता. ओपेनहायमर आणि स्नायडर यांनी १९३९ मध्ये कोसळणाऱ्या धुळीच्या गोळ्याचं गणित सोडवलं. गोळ्याच्या आतला भाग हुबेहूब आकुंचन पावणाऱ्या विश्वासारखा निघाला: सर्वत्र सारखा, ताण नाही, आवळ नाही. गोळा आपल्या दृश्य विश्वाहून मोठा असेल, तर आतल्याला कडा दिसणारच नाही. मग फक्त एक सोय लागते. कोसळणं कुठेतरी थांबून उसळी मारायला हवी. भौतिकशास्त्रज्ञ निकोडेम पोप्लावस्की ती अवकाशाच्या पिळातून काढतात. २०२५ मध्ये एन्रिके गास्तान्यागा आणि सहकाऱ्यांनी ती पाउलीच्या अपवर्जन तत्त्वातून (इलेक्ट्रॉनसारखे दोन कण एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत) काढून दाखवली. अशा उसळीतून आलेल्या विश्वाला थोडी वक्रता हवी. मोजमापं आजवर ०.२ टक्क्यांच्या आसपासच्या अनिश्चिततेत सपाटच सांगतात. विश्व काही बोलत नाही.

त्याच वर्षी जेम्स वेब दुर्बिणीच्या छायाचित्रांतल्या २६३ दीर्घिकांपैकी सुमारे ६० टक्के एकाच दिशेने फिरतात असा निबंध आला, आणि फिरत्या कृष्णविवरातला जन्म सिद्ध झाल्याचे मथळे झळकले. आपल्या आकाशगंगेच्या फिरण्यामुळे उलट फिरणाऱ्या दीर्घिका किंचित उजळ दिसून जास्त मोजल्या गेल्या असतील, ही शक्यताही त्याच निबंधात होती. मथळ्यात ती मावली नाही.

एवढं ऐकून विचारणारा शेवटचा प्रश्न टाकतो: "समजा आत असलोच, तर वेळ किती उरला?" याचं उत्तर आहे. क्षितिज ओलांडल्यापासून सिंग्युलॅरिटीपर्यंत जास्तीत जास्त काळ म्हणजे प्रकाशाला श्वार्झशिल्ड त्रिज्या पार करायला लागणाऱ्या काळाच्या दीडपटीहून किंचित जास्त. कितीही धडपड केली तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही. ४७५ अब्ज प्रकाशवर्षांना ही मुदत सुमारे ७४५ अब्ज वर्षं होते. सूर्य त्याच्या खूप आधी, ५ अब्ज वर्षांत आटोपणार. त्रिज्येच्या जागी व्यास घालणाऱ्याला ही मुदत आठपट मिळते. ती चूक मी हल्ली दुरुस्त करत नाही.