हरीण जनतेचं, भाडं तुमचं

टेक्ससमध्ये जमीन घेतलीत, फार छान केलंत. ऑस्टिनपासून दीड-दोन तासांवर, लॅनो काउंटीत, गुलाबी ग्रॅनाइटचे खडक, मेस्किटची काटेरी झुडपं आणि बहुतेक वर्षभर कोरडा असणारा एक ओढा, असा दोनशे एकरांचा तुकडा. गावाकडे साडेतीन एकरांच्या बांधावरून तीन पिढ्या तालुक्याच्या कोर्टात चपला झिजवत आल्या. इथे एवढी जमीन एकट्याच्या नावावर, आणि भांडायला सख्खा भाऊसुद्धा नाही. ही उणीव लवकरच भासू लागते. त्यावर उपाय एकच: नोव्हेंबरात जमीन शिकाऱ्यांना भाड्याने द्या. याला इथे डिअर लीज म्हणतात. लॅनो स्वतःला टेक्ससमधल्या हरणांची राजधानी म्हणवतं, त्यामुळे गिऱ्हाइकांची वानवा नाही. पुढचे सल्ले जुन्या, मुरलेल्या भांडणांतून गोळा केलेले आहेत. ते नीट पाळलेत तर भांडण चुकण्याची भीती नाही.

आधी आपण विकतोय काय, हे समजून घ्या. टेक्ससच्या कायद्यानुसार रानटी जनावरं राज्यातल्या जनतेच्या मालकीची. म्हणजे तुमच्या ओकखाली रवंथ करत बसलेलं पांढऱ्या शेपटीचं हरीण तुमचं नाही. राज्यातली सुमारे ९५ टक्के जमीन मात्र खासगी मालकीची. तेव्हा शिकाऱ्याकडे परवाना आहे, बंदूक आहे, जनतेपैकी एक या नात्याने हरणात वाटाही आहे. नाही ती फक्त उभं राहायला जागा. ती तुमच्याकडे आहे. तुम्ही त्याला बसायला जागा देता, हरीण येईल की नाही ते हरणावर. चार तारांचं कुंपण ते उभ्याउभ्या ओलांडतं आणि शेजाऱ्याकडे जातं, कारण शेजाऱ्याने हरणांना भुलवायला टाकलेला मका ताजा असतो. थोडक्यात, जे तुमचं नाही ते तुम्ही अशा माणसाला भाड्याने देताय ज्याला ते मिळेलच असं नाही. एवढा भक्कम पाया लाभल्यावर भांडण कशावरून करायचं? हरणावरून करता येत नाही, त्याचा मालकच तिसरा. म्हणून ते फ्रिजवरून, फाटकावरून आणि संडासावरून करायचं असतं.

जाहिरातीत खोटं काही लिहू नका. खऱ्याला थोडं मोकळं सोडा. ‘पाण्याची सोय आहे’ असं लिहा. ओढा आहेच, पाऊस पडला की पाणीही येईल. ‘वीज उपलब्ध’ म्हणा. खांब फाटकातून दिसतो. ‘राहण्याची व्यवस्था’ म्हणजे पूर्वीच्या मालकाने सोडलेला ट्रेलर, ज्यात गांधीलमाश्या भाडं न देता राहतात. दहा टोकांच्या शिंगांचा तो नर, कॅमेऱ्यात रात्री टिपलेला, त्याचा फोटो सगळ्यात वर लावा. फोटो कोणत्या साली काढला हे कोणी विचारत नाही. ते डोकं सध्या कोणाच्या दिवाणखान्यात आहे, हेही नाही.

मांस थंड ठेवायच्या खोलीबद्दल मात्र जपून. इथे नोव्हेंबरातही एखाद्या दुपारी अंगातला शर्ट काढावासा वाटतो, आणि सोललेलं हरीण त्या उकाड्यात तुमच्या सबबी ऐकत थांबत नाही. गाडी आत नेता येईल एवढी थंड खोली कबूल करायची आणि प्रत्यक्षात गॅरेजमधला जुना फ्रिज दाखवायचा, यावरून वीस वर्षांची मैत्री तुटलेली आहे. शिकारी हरीण न मिळाल्याचं सोसतो. मिळालेलं नासलं की तो वकील शोधतो.

करार शक्यतो तोंडी ठेवा. एक वर्षाहून जास्त मुदतीचा जमिनीचा भाडेपट्टा इथे लेखी लागतो. वर्षभराचा हस्तांदोलनावर भागतो. आपल्याकडच्या अकरा महिन्यांच्या कराराची परंपरा रक्तात असल्याने तुम्हाला हे लगेच पटेल. संगमनेरहून काकांचा फोन येईल: ‘अरे, कूळ लागणार नाही ना?’ त्यांच्या मनातून १९४८ चा कूळकायदा अजून गेलेला नाही. त्यांना सांगा, काका, इथे तसं काही नाही. खरोखरच नाही. पण सलग बारा वर्षं येणारा शिकारी ‘माझा रस्ता’, ‘माझं टेकाड’, ‘माझी हरणं’ असं बोलू लागतो, तेव्हा काका सातासमुद्रापलीकडून एवढं नेमकं कसं बोलले याचं नवल वाटतं.

भाडं वाढवायचं ते ऑगस्टात. हा सल्ला सोन्याचा आहे. हरणाची शिंगं हिवाळ्याअखेर गळतात आणि वसंतापासून नवी वाढतात, म्हणून जाणता शिकारी मार्चपासूनच प्रथिनयुक्त खाद्याची पोती स्वतःच्या खर्चाने आणून ओततो. ठरल्या वेळी आपोआप मका टाकणारे फीडर उभे करतो, लपून बसायचे मचाणाचे खोके रंगवतो, रस्त्यातली झुडपं तोडतो. ऑगस्टात शिंगं भरत आली, त्याचा खिसा रिकामा झाला आणि बाकी सगळ्या जमिनी भाड्याने गेल्या, की त्याला फोन करा आणि ह्यूस्टनच्या एका दंतवैद्याने दीडपट देऊ केल्याचं हळहळत सांगा. दंतवैद्य खरा असायची गरज नाही. निघून गेलाच तर त्याने फीडर न्यायचे की नाहीत, हे करारात नसणारच, कारण करारच नाही.

तीच जमीन एकापेक्षा जास्त लोकांना देता येते, हेही ध्यानात असू द्या. सप्टेंबरात होल्यांवर येणारी एक टोळी, नोव्हेंबरात हरणांची दुसरी, वसंतात रानटर्कीची तिसरी. प्रत्येक टोळीला वाटतं, जमीन वर्षभर आपलीच. त्यांची गाठ फाटकावर पडू द्या. फाटकाच्या साखळीत प्रत्येकाचं वेगळं कुलूप अडकवलेलं असतं. घाईत कोणीतरी आपलं कुलूप चुकीच्या दुव्यात लावतो आणि बाकी सगळे बाहेर. त्यातून जी चर्चा होते तीत तुम्ही पडू नका.

आता चितळ. टेक्ससच्या या डोंगराळ भागात १९३० च्या दशकात आपल्याकडची चितळं आणली, काळवीटही आणले, दक्षिणेत साधारण त्याच सुमारास नीलगाय सोडली. आज ती इथे ‘विदेशी’ जनावरं. त्यांना हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही. तुम्ही शाळेच्या सहलीत रेहेकुरीला काळवीट लांबून पाहिलेले. त्यांच्या शिकारीच्या १९९८ मधल्या एका प्रकरणाने एका सिनेनटाला जोधपूरच्या कोर्टात वर्षानुवर्षं खेटे घालायला लावले. विदर्भातला शेतकरी रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, खाल्लेल्या तुरीची भरपाई मागत तलाठ्याकडे बसलेला. आणि इथे त्याच जनावराच्या डोक्याला दर लागतो. मन खट्टू होईल, पण दर ऐकून सावरेल.

भांडणाच्या दृष्टीने चितळ म्हणजे वरदान. भाडं ठरलं ‘हरणासाठी’. डिसेंबरात झाडीतून एक ठिपकेदार नर येतो. शिकारी म्हणतो, चार पाय, शिंगं, हरीण नाही तर काय? तुम्ही म्हणायचं, हे विदेशी, याचे वेगळे पैसे. ही गोष्ट आधी बोलून घेतली असती तर दोन मिनिटांत मिटली असती, म्हणूनच आधी बोलू नका. गोळी सुटेपर्यंत थांबा. आणि ‘विदेशी’ हा शब्द तुमच्या तोंडून, तुमच्या उच्चारात, समोरच्या तांबड्या मानेच्या सद्गृहस्थाला ऐकवण्यातली मजा सोडू नका.

रानडुकरांबाबत उलटं. ती सगळी मारावीत असं तुम्हाला वाटतं. २०१९ पासून खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने डुक्कर मारायला शिकारीचा परवानाही लागत नाही. पण शिकारी मारत नाही, आवाजाने हरणं बुजतात म्हणून. डुकरं मका खातात आणि सुखात राहतात.

शेतजमिनीची कमी करआकारणी टिकावी म्हणून तुम्ही चार गाई पाळल्या असतील. त्यांना मोकळं सोडा. फीडरच्या पायांना अंग घासून तो पाडायचा आणि शंभर किलो मका एका रात्रीत संपवायचा, हे गाईला शिकवावं लागत नाही. शिकाऱ्याने तक्रार केली तर भावनिक व्हा. गोमातेबद्दल दोन वाक्यं बोला. त्याला कळणार नाही, पण पोटाची कळकळ पोचेल. तेल-वायूचं मात्र तुमच्या हातात नाही. जमिनीखालच्या खनिजांचा मालक बऱ्याचदा वेगळाच असतो आणि त्याला वरून वाट काढायचा हक्क असतो. हंगामाच्या पहिल्या पहाटे ड्रिलिंगचा ट्रक घरघरत आला, तर पक्का रस्ता झाल्याबद्दल अभिनंदन करा.

तुम्ही मालक नसून भाड्याने घेणारे असाल, तर वाईट वाटून घेऊ नका, तुमच्याही हातात पुष्कळ आहे. तीन बंदुका ठरल्या की सहा माणसं न्या. मेव्हणा ‘स्वयंपाकाला’ आलाय असं सांगा, त्याच्या खांद्यावरच्या रायफलीकडे कोणी पाहणार नाही. पाऊस पडून गेला की लगेच ट्रक घाला, म्हणजे चिखलातल्या चाकोऱ्या वाळून पुढच्या हंगामापर्यंत टिकतील. फाटक जसं होतं तसं ठेवावं हा इथला सर्वात जुना नियम. तो फक्त परत जाताना विसरा, गाई हमरस्त्यावर भेटतील. काउंटीने जाळावर बंदी घातली असेल त्याच रात्री शेकोटी पेटवा, शेकोटीशिवाय कॅम्प कसला? झाडांवरचे जांभळे पट्टे दिसले तर सजावट समजा. ते १९९७ पासून ‘आत यायचं नाही’ असं कायद्याने सांगतात, पण शेजाऱ्याच्या हद्दीत पडलेलं तुमचं हरीण आणायला जाताना रंग कोण पाहतो? आणि निघताना घरचा जुना सोफा ट्रेलरमध्ये ठेवून या. मालकासाठी भेट.

एवढं करूनही प्रकरण हातघाईवर आलं, तर काउंटीतल्या जस्टिस कोर्टात जा. २०२० पासून तिथे वीस हजार डॉलरपर्यंतचे दावे चालतात, म्हणजे फ्रिज, फीडर आणि मका मिळून आरामात बसतं. तारीख मात्र नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारच्या आसपास मागू नका. त्या दिवशी हंगाम उघडतो, आणि न्यायाधीशही कुणाच्या तरी जमिनीवर, भाड्याच्या खोक्यात, पहाटेपासून गप्प बसलेले असतील. थंड खोलीवरून त्यांचंही मालकाशी काहीतरी चाललेलं असेलच.