‘काम पण होईल, फिरणं पण होईल’ हे मला पुन्हा ऐकवू नका

परवा मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, “2027च्या इमटेक्सला सगळी टीम नेऊ. काम पण होईल, फिरणं पण होईल.” पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे वाक्य म्हणजे धडधडीत फसवणूक आहे. आणि आमच्या भोसरी-चाकण पट्ट्यात कितीतरी कंपन्यांत ते एक वर्षाआड, तोंडावरची माशीही न हलता, म्हटलं जातं.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांना सांगतो. इमटेक्स म्हणजे देशातलं मशीन टूलचं सगळ्यात मोठं प्रदर्शन. बेंगळुरूला तुमकूर रोडवर, बीआयईसी या प्रदर्शन केंद्रात, जानेवारीत भरतं. विषम वर्षी मेटल कटिंग (धातू कापणारी मशीनं), सम वर्षी फॉर्मिंग (धातू दाबून-वाकवून आकार देणारी). आम्ही हायड्रोलिक फिक्स्चर बनवतो, म्हणजे कापताना पार्ट तेलाच्या दाबाने घट्ट धरून ठेवणारी साधनं, म्हणून आमची पाळी विषम वर्षी. 2025मध्ये 23 ते 29 जानेवारी होतं. स्टॉलचं भाडं चौरस मीटरवर असतं, वर मांडणी, वीज, कॉम्प्रेस्ड एअर, ट्रान्सपोर्ट. छोट्या कंपनीचा वर्षभराचा मार्केटिंगचा पैसा एका आठवड्यात तिथे जातो. मग त्या आठवड्यात स्टॉलवर कोण उभं आहे याला काही किंमत आहे की नाही?

फिरायला माझा विरोध नाही. मला फिरायला आवडतं, आणि बेंगळुरूत तर मला काय पाहायचं होतं हे मी महिनाभर आधी सांगून ठेवलं होतं. माझा राग आहे तो लबाडीवर. मालकाने केलं की ते ‘बिझनेस ट्रिप’, आणि आम्ही दिवसभर काँक्रीटवरच्या पातळ कार्पेटवर पाय मोडेपर्यंत उभे राहिलो की “मजा आहे बाबा तुमची, बेंगळुरू फिरून आलात!”

2025च्या प्रदर्शनाला साहेबांनी मॅडमना, मुलांना आणि मेव्हण्यांच्या कुटुंबाला आणलं होतं. आणावं, त्यांचा पैसा आहे. पण कंपनीची गाडी, कंपनीचा ड्रायव्हर, आणि ‘जरा बघ रे’ म्हणायला कंपनीची माणसं कशाला? माझं पद अ‍ॅप्लिकेशन इंजिनिअर, म्हणजे गिऱ्हाइकाच्या पार्टला कसलं फिक्स्चर लागेल हे सांगणारा. त्या आठवड्यात माझ्या फोनवर आलेल्या कामांची यादी अशी: लालबागच्या पुष्पप्रदर्शनाची तिकिटं काढ. मुलांना मसाला डोसा चांगला कुठे मिळेल विचार. मॅडमना सिल्कचं दुकान हवंय, विश्वासाचं बघ. म्हैसूरच्या हॉटेलला फोन कर, खोल्या तळमजल्यावर हव्यात, मेव्हण्यांच्या आईंचे गुडघे दुखतात. बरं, लालबाग स्टेशन बीआयईसीवरून येणाऱ्या ग्रीन लाइनवरच आहे. नोव्हेंबर 2024पासून मेट्रो थेट मादावरपर्यंत येते, प्रदर्शनाच्या दारात. गाडी न बदलता लालबागला उतरता येतं. पण नाही. मेट्रो नको, गाडीच हवी. आणि गाडी पार्किंगमध्ये नेमकी कुठे लावलीय हे ड्रायव्हरला फोनवर समजावून, त्याला गेटवर आणून, सगळ्यांना बसवून द्यायला स्टॉलवरचा माणूस हवा.

असाच मी गेटवर गेलो होतो तेव्हाची गोष्ट. परत यायला पाऊण तास लागला, कारण गर्दी प्रचंड आणि आमचा हॉल शेवटचा. आलो तर स्टॉलवर आमचा आयटीआयचा ट्रेनी एकटा, कानकोंडा होऊन उभा. म्हणाला, “सर, होसूरचे दोघं आले होते. ड्रॉइंग घेऊन.” पंप बॉडीचं ड्रॉइंग होतं. त्यांना विचारायचं होतं की एका सेटअपमध्ये, म्हणजे पार्ट एकदाच पकडून, चारही फेस (बाजू) मारता येतील का, क्लॅम्पिंगला पातळ भिंत दबेल का, पार्ट बदलायला किती वेळ. अगदी ज्यासाठी आम्ही ते डेमो फिक्स्चर पुण्याहून ट्रकमध्ये घालून आणलं होतं, तेच प्रश्न. त्या पोराला काय माहीत असणार? त्याने कॅटलॉग दिला, चॉकलेट दिलं, व्हिजिटिंग कार्ड घेतलं. त्यांनी ड्रॉइंगची घडी घातली आणि ते पुढच्या गल्लीत गेले. मी सगळे हॉल पालथे घातले. सापडले तेव्हा ते दुसऱ्या एका स्टॉलवर खुर्चीत बसून चहा पीत होते आणि समोरचा इंजिनिअर त्यांच्याच ड्रॉइंगवर पेन्सिलने लोकेटिंग पिना (पार्ट नेमक्या जागी बसवणाऱ्या) दाखवत होता. नंतर फोन केला तर “आमचं फायनल झालं, पुढच्या वेळी बघू.”

आणि पुण्यात परत आल्यावर रिव्ह्यूमध्ये साहेब विचारतात, “यावेळी हॉट लीड्स कमी का?” म्हणजे ऑर्डर देतील अशी गिऱ्हाइकं. माझ्याकडे बघून विचारतात!

रविवारी प्रजासत्ताक दिन होता. सुट्टीमुळे गर्दी दुप्पट, त्यात कॉलेजची पोरं पिशव्या आणि पेनं गोळा करत फिरत असतात. त्यांच्यावर माझा राग नाही, शिकायला येतात. पण त्या दिवशी स्टॉलवर चार माणसं तरी हवीत. साहेब दुपारीच सहकुटुंब म्हैसूरला. रविवारी आणि सरकारी सुट्टीला संध्याकाळी राजवाड्यावर रोषणाई असते, जवळपास लाखभर दिवे. ते चुकवून चालणार नव्हतं. सेल्सवाल्या एकाला ‘सोबत असू दे’ म्हणून घेऊन गेले. मागे राहिलो मी आणि तो ट्रेनी. दुपारचं जेवण संध्याकाळी पाच वाजता, स्टॉलच्या मागच्या खोक्यांवर बसून, थंड झालेला पुलाव.

आता माझ्या फिरण्याचं ऐका. पुण्याहून गाडीनेच निघालो होतो, सामान होतं म्हणून. साताऱ्यापासूनच मी म्हणत होतो, दावणगेरे जिल्ह्यात होदिगेरे आहे, चन्नगिरी तालुक्यात. शहाजीराजांची समाधी आहे तिथे. शिकारीत घोड्यावरून पडून ते तिथेच गेले, 23 जानेवारी 1664. म्हणजे प्रदर्शन सुरू होतं त्याच तारखेला. हायवे सोडून आत जावं लागतं, अर्धा दिवस मोडतो, मान्य. मला उत्तर मिळालं, “अरे, कामाला चाललोय आपण, सहलीला नाही.” ठीक. जाताना काम होतं. मग येताना? येताना साहेबांच्या मेव्हण्यांना हायवेवर एक मोठं फर्निचरचं दुकान दिसलं, तर तिथे आम्ही तीन तास उभे होतो. शोकेसचे कोपरे मोजायला माझ्याकडचा टेप घेतला. तेव्हा नाही आठवलं कुणाला की आपण कामाला आलोय.

आणि बेंगळुरूत मला एकच जागा पाहायची होती. मल्लेश्वरमचं काडू मल्लेश्वर. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे यांच्या काळातलं देऊळ, 1669चा शिलालेख आहे, देवाला गाव दान दिल्याचा. अख्ख्या मल्लेश्वरमला नाव त्या देवावरून पडलं. बेंगळुरू ही शहाजीराजांची जहागीर होती हे आपण शाळेत एका ओळीत शिकतो आणि सोडून देतो. ती ओळ दगडावर बघायची होती मला. मेट्रोने संपिगे रोडला उतरायचं की थोडं चाललं की देऊळ. आमचं हॉटेल यशवंतपूरला, त्याच लाइनवर. संध्याकाळी सहाला हॉल बंद होतो. दोन तास द्या म्हटलं, बस.

ते दोन तास मिळाले नाहीत. रोज सहानंतर लीड्सची एक्सेल, मग डीलर लोकांचं जेवण, तेही एम. जी. रोडला, कारण साहेब तिकडे उतरलेले. “टीम दिसली पाहिजे” म्हणून सगळ्यांनी कंपनीचा टी-शर्ट घालून हजर. डीलर त्यांच्यात बोलतात, आम्ही कोपऱ्यात उभे. हॉटेलवर परत यायला मध्यरात्र. एका खोलीत तिघं, तिसऱ्याला जमिनीवर गादी. शेवटच्या संध्याकाळी तरी जाईन म्हटलं, तर फिक्स्चर क्रेटमध्ये भरून ट्रकवर चढवेपर्यंत फोर्कलिफ्टची वाट बघत रात्र झाली. देऊळ केव्हाच बंद झालं असणार.

घरी आलो तर शेजारचे काका, ऑफिसमधले, सगळे तेच. “काय मग, केलीत का मजा? म्हैसूरपाक कुठाय?” बायकोने विचारलं, काय काय पाहिलं? मी काय सांगू तिला, हॉल नंबर?

पण खरा कळस अकाउंट्सने केला. माझ्या क्लेममधलं मेट्रोचं भाडं लाल शाईने कापून आलं, शेरा ‘पर्सनल’. हॉटेल ते प्रदर्शन, कामावर जायचं भाडं! आणि त्याच फाइलमध्ये म्हैसूरचा टोल, डिझेल, तळमजल्यावरच्या खोल्या, सगळं ‘कस्टमर व्हिजिट’खाली मंजूर. मी स्वतः पाहिलं. 26 तारखेच्या कॉम्प-ऑफचा (बदली सुट्टीचा) अर्ज केला तर एचआर म्हणते, “सर, ते तर तुमचं आउटिंग होतं ना?”

2027ला जाईन मी, जायलाच लागेल, नोकरी आहे. पण यावेळी आधी लेखी घेणार. स्टॉलची ड्युटी कुणाची, किती वाजेपर्यंत. घरच्यांसाठी वेगळी गाडी, वेगळा माणूस, त्यांच्या खर्चाने. प्रत्येकाला एक संध्याकाळ मोकळी, फोन बंद. सुट्टीच्या दिवशी उभं राहिलो तर त्याची बदली सुट्टी. आणि येताना होदिगेरे. एवढी मेल मी कालच टाकलीय, एचआरला सीसी करून. अजून उत्तर नाही.