खांद्यावरचा पंजा

परवा नागपुरात बर्डीतल्या एका फ्लेक्सवाल्याकडे जे झालं त्याचा राग अजून गेला नाहीये, म्हणून लिहून मोकळा होतो.

मोठ्या मामाची एकसष्टी. बॅनर मी करायचा, म्हणजे फुकट करायचा, कारण भाचा डिझायनर असला की त्याला पैसे द्यायचे असतात हे आमच्याकडे कोणाच्या गावीच नाही. मामाचा बरा फोटो एकच, कुठल्याशा लग्नातला. त्यात बाजूला धाकटा मामा उभा आणि त्याचा हात मोठ्याच्या खांद्यावर. ह्या दोघांची बेस्याच्या प्लॉटवरून कोर्टात केस सुरू आहे. मामीनं बजावलं, "त्याचं नखही दिसलं नाही पाहिजे."

आता इलस्ट्रेटरमध्ये, म्हणजे मी वापरतो त्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, असं माणूस पुसत नसतात. पेन टूलनं हव्या त्या माणसाभोवती आकार काढायचा, तो फोटोच्या वर ठेवायचा, दोन्ही सिलेक्ट करून कंट्रोल सात दाबायचं. आकाराच्या आतलं तेवढं दिसतं, बाकीचं झाकलं जातं. झाकलंच जातं फक्त, जात कुठेच नाही, फाईलमध्ये धाकटा मामा आपला जसाच्या तसा उभा. राहिला खांद्यावरचा पंजा. तो तर मोठ्या मामाच्या अंगावरच, तो असा कापता येत नाही. मग दुसऱ्या खांद्याचा कोट उलटा करून त्या जागी चढवला आणि त्याला ओपॅसिटी मास्क लावला. ह्यात मास्क पांढरा असेल तिथे वस्तू दिसते, काळा तिथे गायब, करडा तिथे अर्धीमुर्धी, त्यामुळे कडा छान विरघळतात. रात्री कूलरच्या घरघरीत ते करडं जमवत बसलो होतो. स्वतःच्या तोंडानं सांगू नये, पण काम झकास झालं होतं.

दुकानदार म्हणे पीडीएफ नको, ओपन फाईल द्या, साइज आम्हाले करावी लागते. दिली. त्यानं ती कोरलमध्ये, म्हणजे त्याच कामाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडली. इलस्ट्रेटर 1987 चं, कोरल 1989 चं, म्हणजे पाठीला पाठ लावून आलेले हे दोघं, पण एकानं झाकलेलं दुसऱ्याला समजेल तर शपथ, अगदी आमच्या मामांसारखं. कंट्रोल सातनं झाकलेल्याची तिकडे पॉवरक्लिप झाली, म्हणजे आकारात कोंबलेला फोटो, इथवर ठीक. पण करड्या कडांचं त्याला झेपलं नाही आणि कोटावर मोठा पांढरा चौकोन उमटला. ऑपरेटर पोरगा म्हणाला, "कचरा आला वाटते," आणि मी हां हां म्हणेपर्यंत डिलीट. खाली पंजा. धड नाही, माणूस नाही, नुसता पंजा.

इथे काकाजींची एन्ट्री. ते माझ्याआधीपासून स्टुलावर बसून होते, स्वतःच्या वाढदिवसाचं बॅनर स्वतःच छापून घ्यायला आलेले. 'शुभेच्छुक: समस्त मित्र परिवार'. खाली गोल गोल डोकी, ओळीनं. चौकाचौकात दिसतात ना, तीच. त्यातला प्रत्येक गोल म्हणजे एक पॉवरक्लिप, हे पोरानं त्यांना मघाशी कधीतरी दाखवलं असावं आणि तेव्हापासून काकाजींना चटक लागली होती.

"ह्याचं खोल बरं."

पोरानं एक्स्ट्रॅक्ट कंटेंट्स मारलं. गोलातला गंभीर कार्यकर्ता बाहेर आला तो हातात जिलेबीची प्लेट घेऊन.

"हाव! पाह्य, खाऊन राह्यला! आता ह्या टोपीवाल्याचं खोल."

टोपीवाला स्कूटीवर मागे बसलेला निघाला, पुढे बायको. काकाजी मांडीवर थाप मारून हसले. "गाडी हीच चालवते न बाप्पा! अन् इथं पाह्य, कसा आमदारासारखा पाहून राह्यला."

असं करत त्यांनी निम्मा मित्र परिवार खोलून घेतला. पोरगाही खोलत राहिला. माझा नंबर कधी येणार हे विचारायची सोय नाही, विचारलं की "दोन मिंट भाऊ". मग काकाजींची नजर माझ्या मामावर गेली.

"हा पंजा कोणाचा हो?"

"कोणाचा नाही, काकाजी. तो काढायचाय."

"अस्सा कसा कोणाचा नाही? अंगठी हाय त्याले. खोल रे."

मी नको नको म्हणतोय आणि पोरानं खोललं. धाकटा मामा सफारीत, दात काढून, पूर्ण पडद्यावर. काकाजी स्टुलावरून उठलेच.

"अबे, हे तर आमचे भाऊ हायेत! मॉर्निंग वॉकले रोज भेटतात. ह्यायले काहून दाबलं तुम्ही?"

काहून दाबलं ह्याचं उत्तर मी फ्लेक्सच्या दुकानात चार लोकांसमोर काय देणार. तोवर त्यांनी मोबाइल काढून स्क्रीनचा फोटो घेतला होता.

पोरानं अनडू केलं, पण पॉवरक्लिप परत लागण्यापुरतंच. चौकोनासकट माझा कोट काही परत आला नाही, आणि मी पेन ड्राइव्ह काढेपर्यंत मशीन सुरू. 8 बाय 4 च्या फ्लेक्सवर मामा आणि खांद्यावर बिनमालकाचा पंजा. मी तोंड उघडलं तर मालक म्हणतो, "फाईलमध्ये होता म्हणून आला." पुन्हा छापायचं तर पुन्हा चौरस फुटाचे पैसे. फाईलमध्ये होता! उद्या ह्यांच्या कपाटातून काही बाहेर काढून चौकात मांडलं तर चालेल का? पैसे मी भरले नाहीत. तत्त्वाचा प्रश्न होता, शिवाय मामी देणार नव्हती.

हॉलमध्ये मामीनं पंजा झाकायला फ्लेक्सला झेंडूचा हार घातला. हसऱ्या फोटोला हार बघून चंद्रपूरहून आलेली आत्या दारातच रडायला लागली. मामा आतून पळत आला, तेव्हा ती आणखीनच जोरात किंचाळली.

काल धाकट्या मामाचा फोन. मला वाटलं आता शिव्या. तर म्हणे, "त्या फोटोची मूळ फाईल पाठवजो. अन् कापलेली नको, वकील म्हणते अख्खी पाहिजे. त्या तारखेले दादा म्हणते मी नागपुरातच नव्हतो."

मी म्हटलं, "पाठवतो, पण मामा, ह्यावेळी पैसे पडतील."

"काहून बे? भाचा हायेस न?"