वजनकाट्याला स्मरणशक्ती कुणी मागितली होती?

घरी वापरण्यासाठी एक भरवशाचा वजनकाटा विकत घेणे हे इतके जिकिरीचे काम का असावे, याचा संताप मी गेले कित्येक महिने गिळते आहे आणि आता तो गिळवत नाही. वजनकाट्याचे काम एकच असते. माणसाने त्यावर उभे राहावे आणि त्याने खरा आकडा सांगावा. बाजारातल्या काट्यांच्या खोक्यांवर काचेची जाडी छापलेली असते, 180 किलोपर्यंतचे वजन पेलण्याची ग्वाही असते, चार सेन्सर असल्याची फुशारकी असते आणि 100 ग्रॅमचा फरकही टिपतो असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. तो काटा जास्तीत जास्त किती चुकू शकतो, हे मात्र खोके सगळ्या बाजूंनी उलटेपालटे करून पाहिले तरी सापडत नाही. 100 ग्रॅमच्या टप्प्यांनी आकडा दाखवणे वेगळे आणि 100 ग्रॅमपर्यंत अचूक असणे वेगळे. दीड किलोने चुकणारा काटासुद्धा आपला चुकीचा आकडा दशांश चिन्हासकट दाखवू शकतो, आणि दशांश चिन्ह दिसले की आपला विश्वास बसतो, हे विकणाऱ्यांना पक्के ठाऊक आहे.

हा हौसेचा विषय असता तर मी एवढे लिहिले नसते. लग्नसराईच्या आधी दोन किलो कमी करायचे असतील आणि काटा थोडा इकडेतिकडे झाला, तर कुणाचे काही अडत नाही. आमच्या घरी काटा आला तो बाबांच्या हृदयाच्या आजारामुळे. हृदय अशक्त झाले की शरीरात पाणी साठू लागते, आणि पायांवर सूज दिसण्याआधी किंवा रात्री आडवे झाल्यावर धाप लागण्याआधी ते पाणी बहुतेक वेळा वजनात दिसते, कारण एक लिटर पाणी म्हणजे सरळसरळ एक किलो. म्हणून डॉक्टरांनी बजावून ठेवले आहे की रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहा घेण्याआधी, तेवढ्याच कपड्यांत वजन करायचे, ते वहीत लिहायचे आणि तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढले तर वाट न पाहता कळवायचे. पाणी काढणाऱ्या गोळीची मात्रा ते या वहीकडे पाहून ठरवतात. आम्ही खानापूर तालुक्यात राहतो. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पाऊस कसा कोसळतो हे इकडच्या माणसाला सांगायला नको. अशा दिवसांत सत्तरी ओलांडलेल्या, चार पावले चालल्यावर दम लागणाऱ्या माणसाला नुसते वजन करून आणण्यासाठी बेळगावला नेता येत नाही. तेव्हा घरातल्या काट्याच्या आकड्यावरच डॉक्टर फोनवर निर्णय घेतात.

आणि हा काटा करतो काय, तर आदल्या दिवशीचा आकडा लक्षात ठेवतो. होय, अनेक डिजिटल काट्यांत ही सोय मुद्दाम घातलेली असते. नवे वजन आधीच्या वजनाच्या जवळपास असेल, तर काटा नवा आकडा दाखवतच नाही, जुनाच पुन्हा दाखवतो. याचे मला दिसणारे कारण एकच आहे. कमअस्सल काट्यावर एकाच माणसाला पाठोपाठ तीनदा उभे केले तर तीन वेगळे आकडे येतील आणि गिऱ्हाईक म्हणेल की काटा खराब आहे. काटा सुधारण्यापेक्षा त्याला जुना आकडा घोकायला लावणे स्वस्त पडते. खात्री करून घ्यावी म्हणून माणूस खाली उतरतो, पुन्हा चढतो, तोच आकडा येतो आणि त्याला वाटते की काटा किती पक्का आहे. प्रत्यक्षात त्या दुसऱ्या खेपेला काट्याने मोजलेला आकडा पुढे येऊच दिलेला नसतो.

बाबांच्या वहीत 64.3 हा आकडा ओळीने उतरत गेला, तेव्हाच मला शंका आली. जिवंत माणसाचे वजन रोज सकाळी 100 ग्रॅमचाही फरक न पडता जसेच्या तसे राहत नाही. आदल्या रात्री लोणचे-पापड खाल्ले, पाणी कमीअधिक प्यायले, पोट साफ झाले नाही, एवढ्यानेही ते हलते. म्हणून मी बाबांच्या हातात अर्धा लिटर पाण्याने भरलेली बाटली दिली आणि त्यांना काट्यावर उभे केले. आकडा आला 64.3. बाटली काढून घेतली आणि त्यांना उतरवून पुन्हा चढवले. आकडा 64.3. मग काट्यावर 25 किलो तांदळाचे पोते ठेवले, उतरवले आणि त्याच्या मागोमाग बाबांना पुन्हा उभे केले, तेव्हा आकडा आला 63.9. पोत्यामुळे जुना आकडा पुसला गेला आणि खरे वजन बाहेर आले. गोळीने अंगातले पाणी उतरत होते आणि काटा ते दडवून बसला होता. आज चारशे ग्रॅम उतरलेले दडवणारा काटा उद्या चारशे ग्रॅम चढलेलेही तसेच दडवणार, आणि ज्या आजारात तीन दिवसांच्या हिशेबावर सारे अवलंबून आहे त्यात पहिला दिवस असा गिळला जाणे म्हणजे रोग्याच्या जिवाशी खेळ आहे. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही, वही समोर ठेवून लिहिते आहे.

दुसरा प्रकार जमिनीचा. या काट्यांचे सेन्सर त्यांच्या चार पायांत असतात, त्यामुळे चारही पाय कडक आणि सपाट जमिनीवर सारखे टेकले पाहिजेत. आमच्याकडच्या जुन्या घरांत शहाबादी फरशी असते, दोन फरश्यांच्या सांध्यात बोटभर खोलगट भाग असतो, आणि एक पाय त्या सांध्यावर आला की आकडा बदलतो. शिवाय काटा जागेवरून हलवला, लादी पुसताना भिंतीला उभा करून ठेवला, की त्याचे शून्य सरकते. मग आधी पायाने दाबून तो सुरू करायचा, 0.0 आल्यावर तो आपोआप बंद होऊ द्यायचा आणि त्यानंतरच वजन करायचे. ही एवढी महत्त्वाची गोष्ट आमच्या काट्यासोबत आलेल्या घडीच्या कागदावर मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत शेवटून दुसऱ्या ओळीत होती. त्या कागदावर ना मराठी होती, ना कन्नड, ना हिंदी. सकाळी काटा कोपऱ्यातून ओढून पुढे घेणाऱ्या माझ्या आईला ती ओळ कोण वाचून दाखवणार? आणि हलवल्यानंतरचा पहिला आकडा एकदा चुकीचा आला की त्या स्मरणशक्तीमुळे तोच चुकीचा आकडा पुन्हा पुन्हा येत राहतो.

काटा घेऊन मी बेळगावातल्या दुकानात गेले. दुकानदाराने खोके उघडण्याचीही तसदी घेतली नाही. “ताई, घरच्या काट्यात एवढं काय बघायचं? सगळे असंच दाखवतात की,” असे म्हणून त्याने मला वाटेला लावले. कंपनीच्या मदत क्रमांकावर बोलणाऱ्या मुलीने काटा ‘ठरलेल्या मर्यादेत’ असल्याचे सांगितले. ती मर्यादा किती ग्रॅमची आहे, असे मी विचारत राहिले आणि ती तेच वाक्य पुन्हा म्हणत राहिली. शेवटी काटा हुबळीच्या सेवा केंद्रात स्वतः नेऊन द्या, असे उत्तर मिळाले. हजाराच्या आतबाहेरच्या वस्तूसाठी खानापूरहून हुबळीला खेटे घालायचे, तेही घरात आजारी माणूस असताना, हे कुणी करणार नाही याचीच त्यांना खात्री असते. त्यांचा धंदा त्या खात्रीवर चालतो असे माझे स्पष्ट मत झाले आहे. ग्राहकांसाठी 1915 हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते. मी ती करणार आहे, आणि ज्यांना असा अनुभव आला आहे त्यांनी किंमत किरकोळ म्हणून गप्प बसू नये.

आता सर्वांत चीड आणणारी गोष्ट सांगते. बेळगावात अर्धा किलो कुंदा घेतला तरी तो वैधमापन खात्याची मोहोर असलेल्या काट्यावर तोलला जातो. किराणा दुकानदाराला आपला इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी तपासून घ्यावा लागतो आणि त्याचे प्रमाणपत्र दुकानात लावावे लागते. मिठाईत पन्नास ग्रॅम कमी भरले तर दंड होतो. आणि 2009 च्या वैधमापन कायद्यात फक्त खरेदी-विक्रीचाच विचार केलेला आहे असेही नाही. माणसाच्या आरोग्यरक्षणासाठी काय पाऊल उचलायचे हे ठरवायला ज्या मापाचा आकडा वापरला जातो, त्या वापराचीही व्याख्या त्याच कायद्यात केलेली आहे. मग हृदयरोग्याच्या गोळीची मात्रा ज्या आकड्यावरून ठरते तो आकडा दाखवणाऱ्या काट्याच्या खोक्यावर, तो किती चुकू शकतो एवढी एक ओळ छापायला लावणे कुणालाच का सुचत नाही?

यावर उपाय म्हणून एका नातेवाइकाने मोबाइलला जोडायचा, अडीच हजारांचा काटा आणून दिला. त्याने आधी बाबांची जन्मतारीख, फोन क्रमांक आणि फोनचे ठिकाण पाहण्याची परवानगी मागितली. वजन करायला फोनचे ठिकाण कशाला लागते, याचे उत्तर मला कुणी दिलेले नाही. हे काटे तळपायांतून अतिशय सौम्य वीजप्रवाह सोडून शरीरातली चरबी आणि स्नायू यांचा अंदाज बांधतात. पाण्यातून वीज सहज वाहते, त्यामुळे अंगात पाणी साठलेले असले की काटा त्यालाच स्नायू समजतो. बाबांच्या पायांवर मोज्याच्या इलॅस्टिकचा खोल व्रण उमटत होता, नडगीवर अंगठा दाबला की खळगा तसाच राहत होता, आणि फोनच्या पडद्यावर स्नायूंचे प्रमाण वाढल्याबद्दल हिरव्या रंगात अभिनंदन झळकत होते. मी तो फोनच बंद केला. छातीत पेसमेकर बसवलेल्या माणसाने तर अशा काट्यावर उभेच राहायचे नसते, आणि ही सूचनाही खोक्यावर ठळकपणे नसते. आजारी माणसे वजन करतात हे या कंपन्यांना ठाऊकच नाही, असे मानायला मी तयार नाही.

मला हवा तो काटा साधा आहे. त्याला चरबी मोजता येऊ नये, फोन ओळखता येऊ नये, घरातल्या माणसांची नावे लक्षात ठेवता येऊ नयेत आणि कालचा आकडा तर मुळीच आठवू नये. त्याने दोनशे ग्रॅम नेहमीच जास्त दाखवले तरी चालेल, कारण आम्हाला रोजचा फरक पाहायचा आहे. पण ती चूक रोज तेवढीच असली पाहिजे. असा काटा शोधायचा तर दुकानातच तपासावा लागतो. काटा कडक फरशीवर ठेवायला लावा, एकदा नुसते उभे राहा, मग अर्धा लिटरची भरलेली बाटली हातात घेऊन उभे राहा आणि आकडा साधारण अर्ध्या किलोने वाढतो का ते पाहा. वाढला नाही तर तो काटा जुना आकडा दाखवतो आहे, त्याला हात लावू नका. वाढला तर बाटली ठेवून पुन्हा उभे राहा आणि आकडा पहिल्या जागी परत येतो का ते पाहा. दुकानदार खोके उघडू देत नसेल तर तिथून निघा आणि पुढच्या दुकानात जा.